खाऱ्या वाऱ्याची वही

फेब्रुवारीतली दुपार, पावणेदोनचा सुमार. गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर मी मांडीभर पाण्यात उभी आहे. एका हातात वारा मोजायचा मीटर, दुसऱ्या मनगटाला विंगची दोरी. मीटर ७ नॉट दाखवतो, मग ९, मग पुन्हा ६. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. पाच चौरस मीटरची विंग माझ्यामागे पाण्यावर लोळते आहे. मध्येच एक कड उचलते आणि परत पडते. एवढ्या वाऱ्यात बोर्डावर चढून काही हाती लागणार नाही. मी मीटरवरची नजर काढून लांब पाण्याकडे बघत राहते.

माझे मामा वेंगुर्ल्याला मासेमारीला जायचे, तेव्हा त्यांच्या होडीला शीड होतं. वारा येणार हे आधी कसं कळतं, असं लहानपणी एकदा मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "पाणी काळा पडला काय समजायचा, वारो इलो." आजही तसंच होतं. क्षितिजाच्या अलीकडे एक गडद पट्टा उमटतो, रुंद होत होत किनाऱ्याकडे सरकतो आणि पाच-सात मिनिटांत गालाला लागतो. मीटर ११ वर जातो. मी काठावर येते, प्लास्टिकच्या पिशवीतली वही काढून पेन्सिलीने लिहिते: १.५२, वायव्येच्या किंचित पश्चिमेकडून, ९ ते १२, सुकती (ओहोटी) लागलेली.

या वहीबद्दल लिहायचं आहे. माझ्या कामातलं सगळ्यात उपयोगाचं सामान कुठलं, असं कुणी विचारलं तर मी हीच दाखवते.

पाच वर्षं झाली, इथल्या एका जलक्रीडा शाळेत मी विंग फॉइलिंग शिकवते. हंगाम सुरू व्हायच्या आधी नवीन सामान येतं. शिकणाऱ्यांच्या हातात देण्यापूर्वी ते पाण्यात पारखून घेणं हेही माझंच काम. शिकून तयार झालेली माणसं जाताना हमखास विचारतात, "आता आम्ही स्वतःचं काय घेऊ?" सगळा संच घ्यायचा म्हटला की काही लाखांचा खर्च. त्यामुळे माझ्या उत्तराला किंमत आहे, आणि ती समोरच्याच्या खिशातून जाते.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. विंग म्हणजे पंपाने फुगवलेलं, दोन्ही हातांत धरायचं शीड. ना डोलकाठी, ना बोर्डाला बांधलेलं. बोर्डाच्या पोटाखाली हातभर किंवा थोडा जास्त लांब मास्ट असतो आणि त्याच्या तळाशी विमानासारखे दोन पंख, पुढे मोठा आणि मागे छोटा. बोर्डाने वेग धरला की पुढचा पंख पाण्यातून माणसाला वर उचलतो. पाणी हवेच्या सुमारे आठशेपट जड, म्हणून जेवायला बसायच्या पाटाएवढा पंख माझं ५८ किलोचं वजन सामानासकट तोलून धरतो. माझ्या घड्याळात ताशी बारा-तेरा किलोमीटरचा आकडा दिसला की बोर्ड पाणी सोडतो. बोर्डाखाली पाणी आपटण्याचा थडथड आवाज अचानक थांबतो आणि मास्टची बारीक घुंई ऐकू यायला लागते. पाच वर्षांनंतरही त्या क्षणी माझं बाकी सगळं विचार करणं थांबतं.

पंखांची युक्ती जुनीच आहे. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरावर अशा पंखांवरची बोट ताशी ६८ किलोमीटरने नेली होती. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांच्या एचडी-४ या बोटीने १९१९ मध्ये कॅनडात ताशी ११४ किलोमीटर गाठले. फुगवायची हातातली विंग मात्र बाजारात नावारूपाला आली ती २०१९ च्या आसपास. म्हणजे शिकवणारे आम्हीसुद्धा अजून शिकतोच आहोत, आणि सामान दरवर्षी बदलतं आहे.

आता वाऱ्याचं. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे असा धडा होता. दोन गुणांसाठी पाठ केलेला तो धडा माझ्या पोटापाण्याचा होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. तो दिसायला गोड, पण आम्हाला वर्ज्य, कारण तो माणसाला आत ओढत नेतो. नऊ-दहाला सगळं स्तब्ध होतं. मग जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि जागा भरायला समुद्रावरून खारा वारा येतो. सुरुवातीला पश्चिमेकडून येणारा हा वारा पृथ्वीच्या फिरण्यामुळे हळूहळू उजवीकडे वळत दोन-तीनपर्यंत वायव्येचा होतो. तीन-साडेतीनला तो भरात असतो आणि सूर्य कलला की पडायला लागतो. फेब्रुवारी ते एप्रिल त्याचा चांगला काळ. कधी अरबस्तानाकडचे शमाल वारे जोरात असले की इथे वारा बेताचा असतानाही वायव्येकडून लांबच्या लाटा येऊन थडकतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केलेला आहे. अशा दिवशी वाऱ्याचा अंदाज बरोबर ठरतो आणि पाण्याचा साफ चुकतो.

तर एका दुपारी, चार तासांत, आमचा वारा अगदी हलक्यावरून १६-१७ वर जातो, तीस-चाळीस अंश फिरतो आणि परत हलका होतो. या वाऱ्यात सामानाची पारख करायची. ती मी पहिली दोन वर्षं कशी चुकीची केली ते सांगते.

मार्चमधला एक दिवस होता. वारा १८ ते २०, इथे क्वचित मिळणारा. त्या दिवशी मी ९५० चौरस सेंटिमीटरचा एक लांब, अरुंद पंख पहिल्यांदा वापरला. असे पंख पाणी फार हलकेच कापतात. वळताना तो असा सरळ मनासारखा यायचा की संध्याकाळी मी किनाऱ्यावर येऊन सगळ्यांना सांगत सुटले, यासारखा पंख दुसरा नाही. पुण्याचे एक गृहस्थ तेव्हा आमच्याकडे शिकत होते. बँकेतून निवृत्त झालेले, वजन ७८ किलो, दोन हंगाम आमच्याच सामानावर घोटून घोटून उठायला शिकलेले. त्यांनी मला विचारलं आणि मी तोच पंख सांगितला, सोबत पाच मीटरची विंग. त्यांनी घेतला.

पुढच्या फेब्रुवारीत ते स्वतःचं सामान घेऊन आले. चार दिवस वारा १० ते १२. आमच्या शाळेचा जुना, रुंद, १७०० चा पंख आणि सहा मीटरची विंग घेऊन नवशिकी मुलं त्यांच्या शेजारून वर उठून जात होती. ते मात्र चार दिवसांत एकदाही उठले नाहीत. पंख छोटा म्हणजे उचलायला वेग जास्त हवा, आणि तेवढा वेग द्यायला त्या वाऱ्यात पाच मीटरची विंग पुरेना. चौथ्या दिवशी ते वाळूत बसले, हाताला फोड आलेले. आवाजात राग अजिबात नव्हता. म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगितलंत म्हणून घेतलं. माझं काय चुकतंय तेवढं सांगा."

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. ते मला तिथेच सांगता आलं नाही, ही माझी दुसरी चूक. मी म्हटलं, उद्या मी तुमचं सामान घेऊन जाते, बघू.

पाचव्या दिवशी साडेतीनला वारा १४-१५ झाला. मी त्यांचाच बोर्ड, त्यांचीच विंग, तोच पंख घेऊन गेले. हलकी असल्यामुळे उठले, आणि तो पंख पुन्हा तितकाच आवडला. त्या नादात मी जवळजवळ एक किलोमीटर बाहेर गेले. पाचच्या आधीच वारा उत्तरेकडे फिरला आणि पडला. पडला म्हणजे किती, तर विंगची मागची कड लुळी लोंबायला लागली. मी खाली आले ती आलेच. बोर्ड पाण्यावर, मी गुडघ्यांवर, विंग डोक्यावर धरून पंप मारते आहे, म्हणजे ती झटक्याने ओढून वारा भरते आहे, पण तो पंख उचलायला मागत नाही. ८ नॉटमध्ये तो उचलणारच नव्हता.

पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते, उधाणाचे दिवस. अशा दिवसांत भरती-ओहोटीतला फरक इथे सुमारे दोन मीटर असतो, आणि सुकती ऐन जोरात होती. राहिलेला उत्तरेचा वारा मला दक्षिणेला शापोरा नदीच्या मुखाकडे नेत होता आणि तिथून बाहेर पडणारं नदीचं पाणी मला समुद्रात ढकलत होतं. मी विंग बोर्डावर उलटी टाकली, तिच्यावर पोट टेकून हातांनी वल्हवायला लागले. पलीकडच्या डोंगरावरचा शापोऱ्याचा किल्ला डोळ्यांसमोर ठेवला होता. वीस मिनिटं वल्हवल्यावरही तो जागचा हलला नाही. जाळी टाकून परतणाऱ्या एका होडीने मला ओढत आणलं. होडीवरच्या वडीलधाऱ्या माणसाने पैसे घेतले नाहीत. एवढंच विचारलं, की निघताना सुकती बघितली होतीस का. मी बघितली नव्हती.

किनाऱ्यावर ते पुण्याचे काका उभे होते, घामाघूम. आता मी त्यांना काकाच म्हणते. त्या संध्याकाळी मी त्यांना सांगितलं की पंख तुमच्यासाठी आणि इथल्या वाऱ्यासाठी चुकीचा आहे आणि तो मी सुचवला. त्यांचा पंख मी ठेवून घेतला. त्याचे पैसे हप्त्यांनी दिले. ते नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. सहाव्या दिवशी शाळेचा १७०० चा पंख लावून ते ११ नॉटमध्ये उठले आणि शंभरेक मीटर गेले. परत आल्यावर त्यांना बोलता येत नव्हतं.

वही त्या आठवड्यात सुरू झाली.

पहिली गोष्ट मी शिकले ती अशी, की वारा सरासरीने लिहायचा नाही. दोन मिनिटं मीटर धरायचा आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त असे दोन आकडे लिहायचे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १० चा वारा १४ झाला की वेग दीडपटसुद्धा वाढलेला नसतो, पण विंगेवरचा जोर जवळपास दुप्पट झालेला असतो. 'सरासरी १२' असं लिहिलं की ही सगळी उलथापालथ त्या एका आकड्याखाली गाडली जाते.

दुसरी, जुनी-नवी-जुनी. गेल्या हंगामातलं एक पान समोर आहे. आमची जुनी पाच मीटरची विंग आणि कडक कापडाची नवी पाच मीटरची, दोघींची तुलना करायची होती. पंख, बोर्ड, मास्टची जागा सगळं तेच. १.५५ ला जुनी: वारा ९ ते १२, उठायला आठ पंप. २.२५ ला नवी: दोन पंपात वर. इथे थांबले असते तर नवीचे गोडवे गात घरी गेले असते. पण वही असल्यामुळे २.५० ला पुन्हा जुनी घेतली: दोन पंपात वर. मधल्या वेळात वारा १२ ते १५ झाला होता. मला वाटलेला सगळा फरक वाऱ्याचा होता. हातही तिसऱ्या खेपेला दमलेले असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी क्रम उलटा, नवी-जुनी-नवी.

मग दोन विंगांत काहीच फरक नव्हता का? होता, पण तो तीनच्या पुढे दिसला. वारा १७ च्या झोतात आला की जुन्या विंगेचं कापड पोटाशी फुगतं आणि ओढ मागे सरकते, ती सगळी मागच्या हातावर येते. पानावर समासात दोनच शब्द आहेत: 'डावा खांदा'. नव्या विंगेत ते झालं नाही. आणि पाचच्या सुमाराला वारा पडताना उलटं: जुनी मऊ विंग ८-९ मध्येही थोडा वारा धरून ठेवत होती, नवी ताठ उभी राहून काहीच देत नव्हती. म्हणजे कुठली चांगली हे एका दुपारच्या चार तासांत दोनदा बदललं. पूर्वी मी चांगल्या, एकसारख्या वाऱ्याची वाट बघायचे. आता मला चढता आणि पडता असे दोन्ही वारे पाहिल्याशिवाय सही करवत नाही.

हवेचा दाब हे आणखी एक प्रकरण. सावलीत ७ पीएसआय भरून विंग तापलेल्या वाळूवर अर्धा तास ठेवली तर आतला दाब चढतो, शिवण ताणते. तीच पाण्यात नेली की थंड होते आणि मऊ पडते. पूर्वी एक विंग सावलीतून आणि दुसरी उन्हातून उचलून मी त्यांची तुलना केलेली आहे, हे आता कबूल करते. आता दोन्ही विंग एकदा पाण्यात बुडवून मगच पंपाचा काटा बघते.

मास्टच्या जागेवर तर मी वेगळं पान ठेवते. बोर्डाच्या खाचेत मास्ट एक सेंटिमीटर पुढे सरकवला की बोर्ड लवकर उठतो. हलक्या वाऱ्यात हे वरदान. पण झोत आला, वेग वाढला, की तोच पंख माणसाला वर वर फेकायला लागतो. पुढच्या पायावर सगळा भार टाकूनही नाक खाली येत नाही, पंखाचं टोक पाण्याबाहेर डोकावतं, हवा आत शिरते आणि एका क्षणात आधार संपतो. मी बोर्डावर नेलपॉलिशच्या दोन रेघा मारल्या आहेत. लाल रेघ दोनच्या वाऱ्याची, गुलाबी साडेतीनच्या.

आणि वजन. कंपन्यांच्या तक्त्यांत मापं दिलेली असतात ती बहुतेक ७५-८० किलोच्या माणसाला धरून. माझा सहकारी ८४ किलोचा आहे. त्याला पाच मीटर लागते तेव्हा मला चार पुरते. किनाऱ्यावर शिकायला येणाऱ्या मुली आणि कॉलेजची सडपातळ पोरं यांना त्या तक्त्यावरून सामान दिलं की पहिल्याच झोतात ती आडवी होतात आणि आपल्यातच काही कमी आहे असं मानून घरी जातात. मला याचा मनापासून राग येतो. म्हणून आता कुठलंही सामान त्या सहकाऱ्याने आणि मी, दोघांनी वापरल्याशिवाय वहीत त्याच्यापुढे शेरा लिहीत नाही.

बाकीची कामं रोजची. गोड्या पाण्याने धुणं, स्क्रू काढून ग्रीस लावणं. खारं पाणी ॲल्युमिनियमचा मास्ट असा चिकटवून टाकतं की हातोडीही हरते. जाळ्यांचे बोये कुठे आहेत ते सकाळीच बघून ठेवायचं, कारण मास्ट जाळ्यात गेला तर नुकसान मच्छीमाराचं. किनाऱ्याचा जो पट्टा वनखात्याने कासवांच्या अंड्यांसाठी राखलेला आहे तिथून बोर्ड ओढत न्यायचा नाही, मग कितीही वळसा पडो.

काकांकडून घेतलेला तो ९५० चा पंख अजून माझ्याकडे आहे. पंख उत्तमच आहे. हंगामात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके दिवस तो बाहेर निघतो, १६ च्या वर वारा असेल आणि भरती असेल तेव्हाच. एरवी मी १४०० चा वापरते. तो वेगात सुस्त आहे, वळायला वेळ घेतो. पण वारा ९ वर आला तरी मला उचलतो आणि काठावर आणून सोडतो. माझ्या लेखी पंखाची पहिली परीक्षा ही आहे. वेग, वळणं सगळं त्याच्यानंतर.

तुम्ही हे सामान घ्यायचा विचार करत असाल, गोव्यात, मालवणकडे किंवा आणखी कुठे, तर दुकानात जायच्या आधी एक छोटी वही घ्या. ज्या किनाऱ्यावर तुम्ही खरोखर जाणार आहात तिथे आठ-दहा दुपारी उभे राहा आणि दर तासाला वाऱ्याचे दोन आकडे लिहा, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. शेजारी भरती की सुकती तेही लिहा. मग ती वही घेऊन माझ्यासारख्या कुणाकडे या आणि तिला त्यातला लहान आकडा आधी दाखवा.